देखण्या छोट्या गाडीचा पुढचा खर्च

महोदय,

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आल्याने, कापसाचा चुकारा हाती येताच आमच्याकडेही देखण्या गाडीची बोलणी सुरू होतात. परंतु गाडीचा खर्च खरेदीपुरताच नसतो. मी अशीच गाडी घेतली. तिची चकचकीत अलॉय चाके आणि बुटके टायर आमच्या पांदण रस्त्यावर टिकले नाहीत: एकाच खड्ड्यात चाकाची कड वाकली, टायरला बाजूने फुगा आला, आणि तो आकार तालुक्यात कुठेच न मिळाल्याने ऐन सोंगणीच्या दिवसांत यवतमाळ गाठावे लागले. नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा 3 वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, तो खर्च वेगळाच. विक्रेत्यांनी मासिक हप्त्यासोबत टायरची किंमतही गिऱ्हाइकाला लेखी द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ