पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या काकांना, एका डायोडबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर "जाहिरात करायला कुणी सांगितलं होतं?" म्हणून तुम्हीच डाफराल. पण गणपतीच्या तोंडावर, पासोड्या विठोबापर्यंत गर्दी लोटलेली असताना, तुम्ही मला नवा सोल्डरिंग आयर्न (डाग द्यायची इस्त्री) विकला नाहीत, याचे आभार चारचौघांतच मानायला हवेत.

आराशीच्या ऑर्डरी असल्या की मी घरी एलईडीचे बोर्ड जोडते. २५ वॅटचा आयर्न सकाळपासून चालूच. "एलिमेंट, म्हणजे आतली तापणारी तार, सारखं उडतं, नवा द्या," एवढंच म्हटलं होतं मी. तर तुमचा उलटा प्रश्न, "हातात किती वेळ असतो आणि स्टँडवर किती?" स्टँडवरच जास्त, हे उघड होतं.

मग तुम्ही डबीतून १एन४००७, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड, काढलात आणि बिलाच्या पाठीवर आकृती काढून दिलीत: फेजच्या वायरीत डायोड, त्याला समांतर साधा स्विच. स्विच चालू केला की करंट डायोडला वळसा घालतो आणि पूर्ण ताप मिळतो. बंद केला की एसीची अर्धी लहर अडते आणि २५ वॅटचे साडेबारा होतात. आयर्न ओढतो जेमतेम ०.११ अँपिअर, डायोड झेपवतो १ अँपिअर. तो कोमटसुद्धा होत नाही. निम्म्या पॉवरवर बिट, म्हणजे आयर्नचं टोक, गरम राहतं, पण जळत नाही, आणि स्विच दाबल्यावर थोड्याच वेळात कामाला येतं.

"मग मधेमधे बंदच केला तर?" या माझ्या प्रश्नावर गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तुम्ही जे सांगितलंत, ते मला फार आवडलं. एलिमेंटमधल्या नायक्रोमच्या तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो, तोच तिला वाचवतो. तार सारखी तापून निवली की त्या थराला तडे जातात. तार एका जागी झिजते, तिथेच जास्त तापते आणि तिथेच तुटते. म्हणून पूर्ण बंद करण्यापेक्षा मंद ठेवलेला बरा. आमच्याकडे रात्री व्होल्टेज २५०पर्यंत चढतं. २३०च्या आयर्नला त्याने सुमारे १८ टक्के जास्त पॉवर मिळते, हा हिशेबही तुम्ही तोंडीच केलात. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, हे शाळेत शिकले होते, पण आयर्नच्या संदर्भात कधी सुचलं नव्हतं.

बिटाचंही तसंच. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १९० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतं. बिट रिकामं चारशेच्या वर तापत ठेवलं की काळं पडतं, मग सोल्डर धरत नाही. आता ठेवताना त्यावर सोल्डरचा थेंब असतो, आणि लोखंडाचा मुलामा असलेल्या बिटाला कानस लावत नाही.

शेजारणीकडे ट्रान्सफॉर्मरवालं सोल्डरिंग स्टेशन आहे. त्याच्या मेनला हा डायोड लावायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळेल, हे तुम्ही दोनदा बजावलंत. तिला सांगितलं आहे.

सध्याचं एलिमेंट दिवाळीच्या ऑर्डरीही काढेल असं दिसतंय. डायोडचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. या शनिवारी माझ्या दोन मैत्रिणींना घेऊन येते आहे, त्यांनाही असेच डायोड-स्विचचे बॉक्स करायचे आहेत. चांगले २५० व्होल्टचे स्विच काढून ठेवा, आणि या वेळी बिल करा.

आपली,
एलईडीवाली