‘झांजेवर कोण आसा?’ असे विचारणाऱ्यास

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव लिहायचे नाही, ही तुमची एकमेव अट मी पाळते आहे. तुम्ही माझ्या धाकट्या भावापेक्षाही वयाने लहान, आणि समोर असता तर मी तुम्हाला सरळ अरे-तुरे केले असते. पण हे पत्र चार लोक वाचणार आहेत, आणि ज्याचे ऋण चारचौघांत मान्य करायचे त्याला चारचौघांत मानही द्यावा, म्हणून ‘तुम्ही’. आमच्या सिंधुदुर्गात लग्नांची चित्रीकरणे करणारे आणि जत्रेतली नाटके मोबाईलवर थेट दाखवणारे तरुण आता गावोगाव आहेत, त्यामुळे एवढ्यावरून कोणी तुम्हाला ओळखेल अशी धास्ती बाळगू नका. ज्यांनी ओळखायचे ते ओळखतीलच, आणि त्याला माझा इलाज नाही.

माझे बाबा दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्यात स्त्रीपार्टी नट, म्हणजे स्त्रियांच्या भूमिका करणारे नट होते. कार्तिक महिना लागला आणि ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू झाल्या की ते घरातून जात, ते अधूनमधून दुपारी झोपायला तेवढे येत. कपाळावरचा रंग नीट पुसलेला नसे आणि अंगाला खोबरेल तेलाचा वास येत असे. आमच्या वाडीतल्या एका चाकरमान्याला बाबांच्या कामाचे भारी वेड. मुंबईहून येताना तो टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटी घेऊन येई आणि रंगमंचाच्या कडेला, पेटीवाल्याच्या मागे, गोणपाटावर बसून रात्र ध्वनिमुद्रित करी. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागते. तेवढ्यात दोन-चार वाक्ये निसटत, त्याबद्दल तो दुसऱ्या दिवशी बाबांची माफी मागत असे. अशा तेवीस कॅसेटी त्याने जाण्यापूर्वी बाबांच्या हवाली केल्या, आणि बाबांच्या मागे त्या माझ्याकडे आल्या.

ज्यांनी दशावतार जवळून पाहिलेला नाही त्यांना या जुन्या फितींचे एवढे काय, असे वाटू शकेल, म्हणून सांगते. दशावताराला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे, प्रवेश कोणत्या क्रमाने घ्यायचे, कोणी कुठे शिरायचे, एवढे रंगपटात ठरते. पुढचे सगळे संवाद नट उभ्या उभ्या रचतो, आणि तेही एका लाकडी बाकड्याखेरीज दुसरी कसली सामग्री हाताशी नसताना. पहाटे दहीकाला झाला, पेटारा बांधला, की रात्रभर बोललेले शब्द संपले. इतर नाटककारांच्या मुलांना वडिलांची पुस्तके मिळतात. माझ्या बाबांनी पस्तीस वर्षे रंगमंचावर जे रचले त्यातले उरले ते एवढेच, तेवीस कॅसेटींतले.

त्या तेवीसच्या एकोणीस झाल्या, त्याची कथा थोडक्यात सांगते, कारण ती सांगताना माझी लेखणी अजून सरळ चालत नाही. लोककलांच्या जतनाचे कार्य करणाऱ्या एका संस्थेने त्या सन्मानपूर्वक स्वीकारल्या, माझ्यासोबत छायाचित्र काढले आणि तीन वर्षे एका भिंतीतल्या कपाटात ठेवल्या. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या आमच्या जिल्ह्यात भिंतीतले कपाट म्हणजे काय, हे त्या संस्थेत कोणाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. परत मिळाल्या त्या एकोणीस, आणि त्यांतल्या कित्येकींवर पांढरी बुरशी धरलेली. चार कुठे गेल्या, या प्रश्नावर मला प्रतिप्रश्न आला, ‘तुमची मोजण्यात चूक नाही ना झाली?’

त्यानंतरचे गृहस्थ निदान कामसू तरी होते. त्यांनी एक कॅसेट नेली आणि आठवड्याभरात तिच्यातला पाऊण तास आपल्या वाहिनीवर चढवलादेखील. त्यात आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, नव्हता. गणपती, सरस्वती, संकासुर ही सारी मंडळी ‘प्रेक्षक कंटाळतात’ म्हणून त्यांनी कापून टाकली होती. बाबांच्या आवाजावर त्यांच्या वाहिनीचे नाव दर पाच मिनिटांनी एक बाई मोठ्याने उच्चारीत होती. शिवाय जुनी खरखर काढण्याच्या नादात त्यांनी आवाज इतका धुतला होता की माणसे विहिरीच्या तळातून बोलत असल्यासारखी वाटत. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी मला विचारले, ‘पण तुमचे वडील फेमस होते का?’

इतके झाल्यावर मी तुमच्याकडे आले ती खरे तर आशा सोडूनच आले होते. भाचीच्या लग्नाची चित्रफीत न्यायला आले होते, पिशवीत कॅसेटी होत्या, आणि तुमच्या टेबलाशेजारी एक जुना कॅसेट डेक दिसला म्हणून तोंडातून शब्द गेला. तुम्ही काही आश्वासन दिले नाही. एक कॅसेट उजेडाकडे धरून तिच्या खिडकीतून फीत न्याहाळली, आणि ‘घाई नाय ना, ताई?’ एवढेच विचारले. पुढे तुम्ही काय काय केले, कोणता स्क्रू फिरवलात, फीत कशाने पुसलीत, ते तुम्ही मला दोनदा समजावले आणि मला दोन्ही वेळा समजले नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही. मला कळले ते एवढेच की कॅसेटीला घाई करता येत नाही. दीड तासाची फीत दीड तासच घेते. सतरा कॅसेटी म्हणजे साडेपंचवीस तास. लग्नसराईच्या दिवसांत, दिवसभराचे काम आटोपून, रात्री बसून तुम्ही ते तास ऐकलेत. पैशांचा विषय निघाला की तुम्हाला नेमका कोणाचा तरी फोन येई, त्याचाही उल्लेख करून ठेवते.

पण हे पत्र त्या तासांसाठीही नाही. ते एका फोनसाठी आहे.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. इतक्या उशिरा फोन आला म्हणजे फीत तुटली असणार, या समजुतीने मी तो घेतला. तुम्ही म्हणालात, ‘ताई, झांजेवर कोण आसा?’

मला प्रश्नच कळला नाही. बाबा कोण, राजा कोण, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, हे कॅसेटींच्या वेष्टनांवर त्या चाकरमान्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते. झांजेवाल्याचे नाव एकाही वेष्टनावर नव्हते, आणि ते नाही हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातही आले नव्हते. पेटीवाला आणि पखवाजी यांना बिदागी वेगळी आणि मान वेगळा. झांज वाजवायला काय, कोणीही बसतो, अशीच आमच्याकडची समजूत. मी तुम्हाला तेच सांगितले. त्यावर तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, की हा कोणीही नाही, सगळ्या कॅसेटींत एकच माणूस आहे, आणि तो ऐकतो आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हेडफोन लावून बसवलेत. १९९३ सालची कॅसेट, हरिश्चंद्राचे आख्यान, स्मशानातला प्रवेश. तारामती झालेले बाबा रोहिदासाचे प्रेत मांडीवर घेऊन बोलत आहेत. मागे खरखर, जनित्राची घरघर, दूर खाजेवाल्याची हाळी. बोलता बोलता बाबा थांबतात. प्रेक्षकांना तो दुःखाचा आवंढा वाटला असेल, मलाही लहानपणी तसाच वाटला होता. तेवढ्यात झांजेचे दोन ठोके पडतात. ते तालातले नव्हेत. एकावर एक कडा नुसती टेकवल्यासारखे, अगदी हलके. आणि बाबा पुढे बोलू लागतात. तुम्ही फीत मागे घेतलीत आणि पुन्हा ऐकवलीत. मग दुसरी जागा, मग तिसरी. त्या एका रात्रीत तुम्ही अशा अकरा जागा टिपून ठेवल्या होत्या, कागदाच्या चिठोऱ्यावर, मिनिटे आणि सेकंद लिहून. तो चिठोरा मी तुमच्याकडून मागून घेतला. तुमच्या हस्ताक्षरातले आकडे, कोपऱ्यात चहाच्या कपाचे वर्तुळ, आणि शेवटी अधोरेखित केलेली एकच ओळ, ‘मुद्दाम देता हा’.

तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते आणि मीही त्या दिवशी बोलू शकले नाही, म्हणून आज लिहिते. बाबांना अखेरच्या वर्षांत शब्द आठवेनासे झाले होते. घरी आम्हाला ते १९९५ च्या सुमारास उमगले, मीठ म्हणायचे तिथे ते साखर म्हणू लागले तेव्हा. रंगमंचावर मात्र ते दोन वर्षे आधीच सुरू झालेले होते, आणि शेजारी बसलेल्या एका माणसाने ते ओळखले होते. त्याने कोणाला सांगितले नाही. तो बाबांना श्वासापुरता वेळ काढून देत राहिला, अर्ध्या रात्री, शेकडो माणसांच्या देखत, आणि कोणाच्याही नकळत. बाबांनी ते आम्हाला कधी सांगितले नाही. लाजेने सांगितले नसेल, किंवा विसरले असतील.

आधीच्या गृहस्थांनी खरखर धुतली होती, तिच्याबरोबर हे ठोकेही गेले होते, हे तुम्हीच मला दाखवलेत. झांजेचा नाद आणि फितीची खरखर दोन्ही वरच्या पट्टीत राहतात, एक काढू गेले की दुसरे सोलवटून निघते. म्हणून तुम्ही खरखर राहू दिलीत. ‘लोक म्हणतील, आवाज साफ नाय,’ असे मी म्हटले, तेव्हा तुम्ही खांदे उडवलेत. लोकांच्या म्हणण्याला इतके शांतपणे खांदे उडवणारा माणूस मी या धंद्यात दुसरा पाहिलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत रंगमंच बंद पडले, नाटके मोबाईलवर आली आणि कोणाचे किती प्रेक्षक याचा बाजार आमच्या जिल्ह्यातही मांडला गेला. त्या थेट प्रक्षेपणांनी कलावंतांना आधार दिला, ते मी नाकारणार नाही, मीही रात्र रात्र जागून ती पाहिली आहेत. परंतु कॅमेरा राजावरून राक्षसावर आणि राक्षसावरून राजावर फिरतो. कडेच्या तिघांवर तो आलाच तर चुकून येतो.

नाव शोधायला तुम्ही अडीच महिने घेतलेत. जत्रेत चित्रीकरणाला गेलात तिथे तिथे मध्यंतरी जुन्या नटांच्या पुढ्यात मोबाईल धरलात. शेवटी एका वृद्ध नटाने रंग लावता लावता, आरशातून नजर न काढता, ते दोन ठोके ऐकून नाव घेतले. ते झांजेवाले हयात नाहीत. त्यांच्या घरी तुम्ही मला सोबत नेलेत, त्यांच्या मुलाला ऐकवलेत, आणि नंतरच विचारलेत, की वडिलांचे नाव फितीखाली लिहू का? मुलगा गवंडीकाम करतो. वडील वाजवीत हे त्याला माहीत होते, कोणी ऐकले असेल असे वाटले नव्हते. त्याची संमती त्या नोंदीपुरती आहे, म्हणून नाव या पत्रात लिहीत नाही. ज्यांना हवे त्यांनी तिथे जाऊन वाचावे. ते बाबांच्या नावाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत आहे.

विचारणे, एवढीच गोष्ट. कॅसेट नेताना विचारणे, कापण्याआधी विचारणे, नाव लिहिण्याआधी विचारणे. याला अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. कुडाळच्या वेशीवरच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या, लोकांना दाखवल्या, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सर्वांना अचानक त्यांचा अभिमान वाटू लागला. त्याआधीची वर्षे तो गोठा तिथेच होता. आमच्या मुलखात जे काही टिकले ते बहुधा असेच टिकले, कोणाच्या तरी पडवीत आणि कोणाच्या तरी झोपेच्या वेळेत. तुमच्या टेबलाशेजारचा तो जुना डेक मी त्याच रांगेत धरते. तुम्ही हे वाचून कानकोंडे व्हाल, ते व्हा.

कॅसेटींच्या पिशवीला तुम्ही आतून प्लास्टिक लावून दिलेत आणि प्रत्येक वेष्टनावरचे जुने अक्षर झाकले जाणार नाही अशी चिठ्ठी चिकटवलीत, तेही माझ्या ध्यानात आहे. सगळ्याच गोष्टी लिहीत बसले तर तुम्ही माझा फोन घेणार नाही.

फीत तुटलेल्या दोन कॅसेटी तुम्ही तेव्हा हाताळायला तयार नव्हता, स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटी मिळाल्या तरच उघडीन म्हणालात. तशा चार मला भाचीच्या सासरी, माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाल्या आहेत. सोमवारी घेऊन येते. वेष्टनावर साल नाही, आख्यानाचे नावही पुसले गेले आहे, तेव्हा आत बाबा आहेत की नाहीत तेही सांगता येत नाही. झांज ऐकू आली तर मात्र लगेच फोन करा, कितीही वाजलेले असोत.

तुमची,
ताई