चिनूचं ताट

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

सोमवारी चिनूला घेऊन कोल्हापूरला येतेय. मे महिनाभर तो तुमच्याकडेच. फोनवर माझा गळा दाटून येतो नि निम्मं सांगायचं राहतं, म्हणून लिहितेय.

आई, दिवाळीत तू त्याच्या ताटातली डाळ नि अंडं काढून ठेवलंस. थोरल्या मामांना डॉक्टरांनी डाळ कमी करायला सांगितली होती, तेच तुझ्या मनात होतं. पण मामांचं वाढायचं वय सरलं होतं, चिनूला अजून वाढायचंय. सात वर्षांचा पोरगा पाच वर्षांचा दिसतो. किडनीच्या या आजारात भूक मरते, रक्तात आम्ल साठतं, हाडं कच्ची राहतात, वाढीचं हार्मोन असूनही अंगाला लागत नाही. त्यात प्रथिनंही तोडली तर अंग भरणार कशानं? डाएटिशियनने दिलेल्या मापाने वरण, अंडं सगळं दे. भातावर तूप सढळ हातानं घाल.

मीठही बंद करू नका. जन्मतः लघवीच्या वाटेत पडदा होता ना, त्यात किडन्या दुखावल्या; त्याच्या लघवीतून मीठ वाहून जातं. मात्र बाबा, तुमचं बीपीचं कमी सोडियमचं मीठ त्याच्या जेवणात चुकूनही नको. त्यात पोटॅशियम असतं. ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याचं गेल्या तपासणीत वाढलेलंच आलंय. म्हणून शहाळं नको. आपल्या गावात हे सांगणं जड जातंय, पण गूळही नको. साखर चालेल. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा नि ते पाणी ओतून द्या.

गंगावेशीत तुमचं बोट धरून धारोष्ण दूध प्यायला त्याला किती आवडतं, माहीत आहे मला. पण दुधातला फॉस्फरस त्याच्या किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. दिवसाला एक लहान पेला ठरलाय, तोही घरी उकळलेला. जेवणातला फॉस्फरस अंगात शिरू न देणारी गोळी जेवतानाच द्या, मागाहून दिली तर उपयोग नाही.

आणि बाबा, स्वयंपाकघराच्या चौकटीवर यंदा रेघा मारू नका. गेल्या वर्षी दादाच्या धाकट्या परीची रेघ त्याच्या वर गेली. रात्री मला विचारत होता, "मी जेवत नाही म्हणून का गं?" उंची डॉक्टर मोजतात. वाढीच्या इंजेक्शनचं जुलैत ठरेल.

दोन घास खाऊन तो उठेल. रागवू नका, तासाभरानं पुन्हा बसवा. तुमच्या मांडीवर बसला की खातो.

तुमची,
शुभा