सोनू घरी येण्याआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

सोनूला पोळ्याआधी घरी सोडतील. ब्लड कॅन्सरच्या उपचाराचा पहिला टप्पा झाला, पण पुढे दोन-अडीच वर्षं औषधं आहेतच. एवढे दिवस लेकरू मनानं कसं टिकतं, ते घरचे मोठे कसे वागतात यावर बरंच असतं. वॉर्डात रोज हेच पाहते, म्हणून लिहिते.

स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील त्या दिवसांत तो चिडेल, उगाच रडेल, रात्री दोन वाजता उठून भाकर मागेल. ते गोळ्यांचं आहे, लाडाचं नाही. भाकर द्या. पण ताईला मारलं तर पहिल्यासारखंच रागवा. सगळंच माफ व्हायला लागलं की पोराला वाटतं, आपलं काही खरं नाही.

सहा वर्षांचं पोर आजाराचं कारण स्वतःच जोडतं: आजीचं ऐकलं नाही म्हणून झालं. त्यानं विचारायची वाट पाहू नका. आई, तूच सांग, 'तुझ्या कशानंच हे झालं नाही.' ताईलाही सांग, कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तिच्याकडे कोणी पाहत नाही, असं तिला वाटायला लागलंय.

सुईबद्दल 'दुखत नाही' म्हणू नका. एकदा खोटं निघालं की पुढच्या वेळी चार जणांना धरावं लागतं. 'टोचेल, दहा मोजेपर्यंत संपेल' म्हणा. बधिर करायची मलम टोचण्याच्या एक तास आधी जाड लावून वर चिकटपट्टी लावायची. दहा मिनिटांत काही होत नाही. कोणता हात, मांडीवर की खुर्चीवर, हे त्याला ठरवू द्या. टोचायचं की नाही, हे मात्र विचारायचं नाही. टोचताना साबणाचे फुगे फुंकू द्या. श्वास लांब होतो, अंग सैल पडतं. आणि बाबा, 'जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देईल' हे घरात बंद.

केस गेलेत. टोपी त्याची मर्जी. 'बिचारं लेकरू' म्हणत डोळे पुसणाऱ्या बाया ओट्यावरूनच वाटेला लावा.

तान्ह्या पोळ्याला नंदी न्यायचा हट्ट करेल. रिपोर्टात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असले तर गर्दीत नाही. मग अंगणातच तोरण बांधा, ताईसोबत नंदी फिरवू द्या.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. वॉर्डात फोन करून लगेच निघा. गाडीवाल्याशी आताच बोलून ठेवा.

तुमची,
बेबी