पियाझोलाला ड्रम का मानवत नाहीत

महोदय,

अर्जेंटिनाचा टँगो-रचनाकार आस्तोर पियाझोला याच्यावर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात त्याची लय ‘३-३-२’ एवढ्यावरच आटोपली आहे. आठ मात्रांपैकी पहिली, चौथी आणि सातवी यांवर आघात, हे खरंच. पण तेवढंच धरून बसवलेली रचना कवायतीसारखी वाजते. मग ती जिवंत करायला ड्रम जोडले जातात आणि उरलंसुरलं संगीतही झाकून जातं.

पियाझोलाने १९६० मध्ये बांधलेल्या पंचकात बँडोनिऑन (बटणांचं, भात्याचं वाद्य), व्हायोलिन, इलेक्ट्रिक गिटार, पियानो आणि डबल बास आहेत. तालवाद्य एकही नाही. ठेका या पाच जणांनीच द्यायचा. बास वाजवणारा समेच्या किंचित आधी खालच्या सुरावरून घसरत, जोर वाढवत येतो आणि नेमका समेवर टेकतो. याला ‘अरास्त्रे’ म्हणतात. घसरणं समेवर सुरू केलं, की टेकायला उशीर होतो आणि सगळा वृंद जड होऊन मागे रेलतो. नवख्या गटांत हीच चूक सर्वाधिक दिसते.

व्हायोलिनकडे ‘चिचार्रा’, म्हणजे रातकिडा. गज घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) पुढे नव्हे, मागे चालवायचा. तिथे तारेला धागा गुंडाळलेला असतो. गजाचा मुठीजवळचा भाग तिथे दाबून आखूड ओढला, की कोरडी करकर निघते. हलक्या हाताने ओढला तर नुसती शिट्टी येते. ‘तांबोर’साठी डाव्या हाताचं नख तारेला टेकवून ती तार उजव्या हाताने छेडायची, छोट्या ताशासारखा आवाज येतो. ही करामत नव्हे, हाच इथला ताल आहे. ड्रम आले की हे दोन्ही आवाज ऐकूच येत नाहीत.

१९७४ च्या ‘लिबरटँगो’ या रचनेत पियाझोलाने स्वतः ड्रम घेतले होते, हे मान्य. पण ती मांडणीच वेगळी होती. ती पंचकाच्या रचनांवर लादू नये.

बँडोनिऑनऐवजी अकॉर्डियन घ्यावं लागलं तर भाता सांभाळा. बँडोनिऑनच्या बहुतेक बटणांचा सूर भाता उघडताना एक, मिटताना दुसरा असतो. म्हणून वादक बरेचदा पूर्ण ओळ भाता उघडत वाजवतो आणि हवेची झडप दाबून तो झटकन मिटतो. ओळींमधला तो श्वास अकॉर्डियनवाल्याने मुद्दाम सोडावा, नाहीतर सूर सलग चिकटतात.

आणि धून कितीही रेंगाळली तरी बासने तिच्यामागे जायचं नाही. सरावात आधी बास आणि पियानो दोघांनीच पूर्ण रचना वाजवावी. तेवढ्यावर पाय हलला नाही, तर व्हायोलिनला अजून बोलावू नये.

– एक संगीतशिक्षक