आधी आग बघ, मग माणूस

चिनू बाळा,

काल फोनवर नीट बोलणं झालंच नाही, इथे लाइट गेलेली आणि तुझ्या आईला तुझ्या जेवणाचीच काळजी, म्हणून आता टाइप करतोय, चुका सांभाळून घे. तुमच्या कायद्याच्या क्लिनिककडे जाळपोळ आणि खुनाच्या शिक्षेवरचं अपील आलंय आणि तू म्हणालीस, "बाबा, तो माणूस मला आवडतच नाही." ते रात्रभर डोक्यात राहिलं.

तू टेक्सासात आहेस म्हणून विलिंगहॅमची केस वाचलीच असशील, पण मी ती बंबावरच्या माणसासारखी सांगतो. 23 डिसेंबर 1991, कॉर्सिकाना. घर पेटलं, तीन मुली गेल्या, एक दोन वर्षांची आणि दोघी एक वर्षाच्या जुळ्या, बाप तेवढा बाहेर आला. तपासवाल्यांनी जमिनीवर डबक्यासारखे जळके डाग बघितले, काचांना कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे बघितले आणि ठरवून टाकलं की काहीतरी ओतून पेटवलंय. त्यात तो बायकोला मारायचा, भिंतीवर हेवी मेटलची पोस्टरं, आणि जेलमधला एक कैदी म्हणाला याने माझ्याजवळ कबुली दिली. मग काय, 1992 ला मृत्युदंड. गुन्हा कबूल कर, जन्मठेपेवर भागेल, अशी ऑफर होती, ती त्याने घेतली नाही.

आता ऐक. बंद खोलीत छताखाली गरम धूर साठत जातो आणि एका क्षणी खोलीतलं सगळं एकदम पेट घेतं, त्याला आम्ही फ्लॅशओव्हर म्हणतो. त्यानंतर जमिनीवर तसलेच डाग पडतात, रॉकेलचा थेंब नसला तरी. काचेचं म्हणशील तर तापलेल्या काचेवर आपणच होजने पाणी मारतो, तडे जाणारच ना! हे फक्त मी म्हणत नाही, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे एका केससाठी शेजारचं तसंच घर मुद्दाम जाळून बघितलं होतं, पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर, आणि सरकारी पक्षाने तो खटला सोडून दिला. आग तपासायची नवी नियमावली, एनएफपीए 921, तीही विलिंगहॅमचा खटला उभा राहायच्या आधी, 1992 लाच छापून आलेली. कोर्टात कोणी उघडली नाही.

मग अपील. 1995 ला शिक्षा कायम. अपिलाचं कोर्ट खालच्या कोर्टाचे कागद वाचतं, कायद्याची चूक झाली का बघतं, घर परत जाळून बघत नाही. आपल्याकडे हायकोर्ट निदान सगळा पुरावा नव्याने वाचतं, आणि त्याने कन्फर्म केल्याशिवाय फाशी होत नाही. (तू म्हणशील बाबा मला कायदा शिकवतायत, असो.) 2004 ला ऑस्टिनच्या हर्स्ट नावाच्या केमिस्टने रिपोर्ट लिहिला की आग लावल्याचा एकही पुरावा टिकत नाही. तो रिपोर्ट गव्हर्नरपर्यंत गेला तरी 17 फेब्रुवारीला विलिंगहॅमला विषाचं इंजेक्शन देऊन मारलं. त्याच राज्यात त्याच वर्षी अर्नेस्ट विलिस जाळपोळीच्याच आरोपातून सुटला, सतरा वर्षांनी, त्याचीही आग याच हर्स्टने तपासलेली. 2013 पासून तिकडे कायदा झालाय ना, शास्त्र बदललं तर जुनी शिक्षा परत उघडता येते, तुमच्या अर्जाला तो लागतो का ते सरांना विचार.

एक सांगायचं राहिलंय, तुझ्या आईलाही माहीत नाही. नोकरीत नवा असताना एका दुकानाच्या आगीत मी रिपोर्टात लिहिलं, ज्वलनशील द्रव वापरल्याचा संशय. डाग बघून लिहिलं, आणि खरं सांगायचं तर तो मालक गुर्मीत बोलला होता माझ्याशी. त्याचा विम्याचा क्लेम अडकला. फ्लॅशओव्हर मी नीट शिकलो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तेव्हा तो डाग पहिल्यांदा डोळ्यासमोर आला, मालकाचा पत्ता तोवर कुठे असणार.

तेव्हा फोटो असतील तर पाठव, क्लायंटची नावं झाकून, सरांची परवानगी घेऊन. खोलीचं माप, खिडक्या किती आणि कुठली उघडी होती, बंब किती मिनिटांनी आला आणि पाणी कुठून मारलं, एवढं हवंय. तो कसा आहे हे मला नको सांगूस.

लाडू आईने पार्सल केलेत, बेसनाचे.

बाबा