खेळाडूच्या पुनरागमनाची तारीख त्याच्या गुडघ्याने ठरवावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात कबड्डीच्या स्पर्धांना जोर येतो आणि माझ्याकडे उपचारासाठी येणाऱ्या खेळाडूंचा प्रश्नही बदलतो. एरवी “दुखणे कधी थांबेल” असे विचारणारी मुले या दिवसांत “निवड चाचणी पुढच्या आठवड्यात आहे, तोवर उतरता येईल ना” असे विचारू लागतात. क्रीडा फिजिओथेरपिस्ट म्हणून अनेक वर्षे हे ऐकत आल्यानंतर हे पत्र लिहीत आहे. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला खेळाडू मैदानावर कधी परतणार, हे आपल्याकडे अजूनही दिनदर्शिका ठरवते किंवा स्पर्धेची तारीख ठरवते. त्याचा गुडघा काय सांगतो, हे क्वचितच कोणी तपासते.

आमच्याकडील मुले ज्याला नुसते “लिगामेंट गेले” म्हणतात, ते बहुतेक वेळा एसीएल (अँटीरिअर क्रुशिएट लिगामेंट) असते. गुडघ्याच्या आत तिरपा जाणारा हा अस्थिबंध मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांशी बांधून ठेवतो. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला अवाजवी पीळ पडू न देणे हे त्याचे काम. कबड्डीत तो तुटण्यासाठी लागणारे सारे काही एका क्षणात जुळून येते. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, कोपरारक्षक घोटा धरतो, पाऊल मॅटवर घट्ट राहते आणि मध्यरेषेकडे झेपावणारे शरीर त्या एका गुडघ्यावर फिरते. पुष्कळदा तर कोणाचा स्पर्शही झालेला नसतो. उडीवरून उतरताना किंवा भर वेगात दिशा बदलतानाच आतून “कट्ट” असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा सुजतो. अशा खेळांत मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन:पुन्हा दिसले आहे, आणि कबड्डी व खो-खो खेळणाऱ्या मुलींची संख्या वाढत असताना ते विसरून चालणार नाही.

दुखापतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस तर आम्ही वायाच घालवतो. सुजलेला गुडघा घेऊन मूल घरी येते, तेलाने जोरात चोळले जाते, गरम शेक दिला जातो, कोणीतरी “सांधा बसवून” देतो. ताज्या दुखापतीवर चोळणे आणि शेकणे यांनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढू शकते, हे गावोगावी सांगूनही पुरेसे पोहोचलेले नाही. फिजिओथेरपी म्हणजे “शेक घेणे” किंवा “करंट लावणे” हा समजही इतका पक्का आहे की, व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे “मशीन लावले नाही” म्हणून लोक नाराज होतात. यंत्राने वेदना काही काळ कमी होते. मांडीचा स्नायू मात्र यंत्राने पूर्ववत होत नाही.

आणि सगळा प्रश्न त्या मांडीच्या स्नायूचाच आहे. शस्त्रक्रियेत शल्यविशारद खेळाडूच्याच शरीरातील स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घेऊन तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवतात. बसवलेला हा नवा दोर लगेच अस्थिबंध होत नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत त्याची अंतर्गत घडण बदलते, त्यात नव्याने रक्तवाहिन्या शिरतात, आणि या काळात तो आधीपेक्षाही कमकुवत होतो. पूर्ण परिपक्व व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. दुसरीकडे, गुडघ्यात सूज असेपर्यंत मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून पूर्ण आज्ञाच पोहोचत नाही, त्यामुळे तो डोळ्यांदेखत बारीक होत जातो. म्हणून पहिल्या आठवड्यांत आमचा आग्रह तीनच गोष्टींचा असतो: सूज उतरणे, गुडघा पूर्ण सरळ होणे आणि स्नायू पुन्हा आवळता येणे. त्यानंतर ताकद, मग धावणे, मग उड्या, मग दिशा बदलणे, मग पकड न होता सराव, मग पकडीसह सराव आणि सर्वांत शेवटी सामना. यातील प्रत्येक पायरी आधीची पायरी जमल्यावरच चढायची असते. अमुक महिना उजाडला म्हणून चढायची नसते.

नेमके हेच घडत नाही. शिरोळ तालुक्यातील एका चढाईपटू मुलीचे उदाहरण देतो. तिची ओळख पटेल असा तपशील मुद्दाम वगळला आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. सहाव्या महिन्यात तिचे दुखणे पूर्ण थांबले, ती धावू लागली आणि तिच्या संघाच्या मार्गदर्शकांनी तिला जिल्हा संघाच्या निवडीसाठी बोलावले. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या सुमारे दोन तृतीयांश होती आणि हे मी तिला व तिच्या वडिलांना सांगितले होते. पण दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा आपला सर्वमान्य हिशेब. तिसऱ्या सामन्यात कोणाचाही स्पर्श न होता तोच गुडघा पुन्हा गेला. दुसरी शस्त्रक्रिया, आणखी एक वर्ष, आणि बारावीचे वर्षही त्यातच गेले. मी त्या वेळी अधिक ठामपणे का अडवले नाही, हा प्रश्न मला अजूनही छळतो. पण त्याहून मोठा प्रश्न हा की, तिला अडवण्याचा अधिकार त्या मैदानावर कोणालाही नव्हता.

हा केवळ माझा अनुभव नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांचा दोन वर्षे मागोवा घेऊन २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, त्यातील प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. दिशा बदलण्याच्या आणि उड्यांच्या खेळांत परतण्याआधी ताकदीच्या व उड्यांच्या चाचण्या उत्तीर्ण झालेल्यांपैकी ५.६ टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला. चाचण्या न जमताच परतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३८.२ टक्के होते. हा अभ्यास लहान होता आणि आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू होतील असे मी म्हणणार नाही. पण घाई आणि तपासणीचा अभाव यांची किंमत कोण मोजतो, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

चाचण्यांसाठी महागडे यंत्रच हवे, ही सबबही मला मान्य नाही. लाखो रुपयांचे ताकद मोजणारे यंत्र मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत आहे, हे खरे. पण एका पायावर खुर्चीतून किती वेळा उठता येते, एका पायाची उडी मोजपट्टीवर किती भरते, सलग तीन उड्यांत अंतर किती कापले जाते, उतरताना गुडघा आत झुकतो का, हे शाळेच्या मैदानावरही पाहता येते. दोन्ही पायांतील फरक दहा टक्क्यांच्या आत यावा, ही सर्वसाधारण कसोटी. मात्र येथे दोन ठिकाणी फसगत होते. वर्षभर सराव नसल्याने चांगला पायही अशक्त झालेला असतो, त्यामुळे तुलना करायचा मापदंडच खाली घसरलेला असतो. आणि उडीचे अंतर कमरेच्या व घोट्याच्या जोरावर भरून काढता येते. गुडघा मात्र आपला वाटा उचलत नसतो. म्हणून केवळ उडी मोजून “पास” करणे धोक्याचे आहे, आणि ही पारख करण्यासाठी प्रशिक्षित नजर लागते.

भीती हा तपासणीतील आणखी एक भाग, ज्याबद्दल आपले खेळाडू बोलतच नाहीत. २०१४ साली जगभरातील अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार एसीएल शस्त्रक्रियेनंतर सुमारे ६५ टक्के लोक आपल्या पूर्वीच्या पातळीवर आणि ५५ टक्के स्पर्धात्मक खेळात परतले. न परतलेल्या सर्वांचे गुडघे निकामी नव्हते. पुष्कळांना तो क्षण पुन्हा येईल अशी धास्ती होती. घोटा पकडला जाण्याच्या कल्पनेने अंग आखडणारा चढाईपटू भेकड नसतो. हलक्या पकडीपासून सुरुवात करत सरावानेच त्याची ही धास्ती घालवावी लागते. “मर्दासारखा खेळ” असे ओरडून ती जात नाही.

आपल्याला मोठ्या खेळाडूंच्या पुनरागमनाच्या बातम्या आवडतात, आणि त्या आवडाव्यात. कुस्तीपटू विनेश फोगट यांच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानच्या युई सुसाकी यांना हरवले. ऋषभ पंत डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर मार्च २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास पंधरा महिन्यांनी, आयपीएलच्या सामन्यात उतरले. बीड जिल्ह्यातून आलेले धावपटू अविनाश साबळे यांनाही जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत गुडघ्याला दुखापत झाली आणि शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. वाचकांना यातली जिद्द दिसते. मला त्यासोबत रोजचे तास, सोबतीला असलेले फिजिओथेरपिस्ट आणि “अजून नाही” असे सांगू शकणारे लोकही दिसतात. आपल्या तालुक्यातील मुलाकडे जिद्द तेवढीच असते, बाकीचे काहीच नसते.

घाईची कारणेही समजून घ्यायला हवीत, कारण ती खेळाडूच्या उतावळेपणात नाहीत. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, आणि दोन्हींसाठी स्पर्धेतील सहभागाचे किंवा प्रावीण्याचे प्रमाणपत्र लागते. वयोगटाची मर्यादा संपत आलेल्या शेतकरी कुटुंबातील मुलाला “एक हंगाम सोड” असे सांगणे म्हणजे कदाचित पोलीस भरतीची संधी सोड असे सांगणे असते. शिवाय शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढून पैसे उभे केलेले असतात. त्यानंतर सहा-नऊ महिने आठवड्यातून दोनदा शहरात येण्याचा खर्च विम्यातून बहुधा मिळत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे नेमके काम सुरू होण्याच्या वेळी, मुले येणे बंद करतात आणि थेट मैदानावरच दिसतात.

म्हणून राज्य क्रीडा खाते, खेळांच्या संघटना आणि स्पर्धा भरवणारी मंडळे यांना माझी विनंती आहे. जिल्हा पातळीपासून पुढच्या प्रत्येक स्पर्धेत मैदानाच्या कडेला नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट असावा आणि दुखापतग्रस्त खेळाडूला त्या दिवसापुरते बाहेर ठेवण्याचा त्याचा निर्णय पंच व मार्गदर्शक यांच्यावर बंधनकारक असावा. हजारो रुपयांच्या बक्षिसांची आणि रोषणाईची तरतूद होते, त्यात एका माणसाचे मानधन जड नाही. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला निवड चाचणीपूर्वी चाचण्यांचा लेखी अहवाल देणे आवश्यक करावे. मात्र ही अट एकटी आणली तर मुले शस्त्रक्रियाच लपवतील, हे मी अनुभवाने सांगतो. तिच्या जोडीला दुखापतीमुळे वयोगटातील शेवटचा हंगाम हुकलेल्या खेळाडूला संधी वाढवून देण्याचा नियम हवा. हा नियम नसेल, तर अहवालाची अट आणू नये असेच मी म्हणेन.

उपचाराच्या खर्चावरही मार्ग आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न फिजिओथेरपी महाविद्यालये राज्यभर आहेत आणि पदवीच्या शेवटी विद्यार्थ्यांना सहा महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. त्यातील काही काळ जिल्हा व तालुका क्रीडा संकुलांत, अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली, ठेवता येईल. आठवड्यातून दोन संध्याकाळी संकुलात असे केंद्र चालले, तर कर्ज काढून शस्त्रक्रिया केलेल्या मुलाला पुढचे व्यायाम अर्धवट सोडावे लागणार नाहीत, आणि विद्यार्थ्यांनाही रुग्णालयाच्या खाटेवर न दिसणारा खेळाडू प्रत्यक्ष पाहायला मिळेल.

शस्त्रक्रियेनंतरच्या टप्प्यांचे आणि वर सांगितलेल्या साध्या चाचण्यांचे दोन पानी मराठी पत्रक मी व माझ्या सहकाऱ्यांनी तयार केले आहे. आमच्या भागातील तीन संघांनी गेल्या हंगामात ते वापरले आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी दोन खेळाडूंना स्वतःहून थांबवले. यंदाच्या स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ज्या मंडळांना ते हवे असेल त्यांना ते विनामूल्य देण्यास आणि एक दिवस येऊन चाचण्या करून दाखवण्यास आम्ही तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक क्रीडा फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर